गंधकाच्या शेजारी

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

फोनवर मला दोन वाक्यांपलीकडे सुचत नाही, म्हणून कागद घेतला. तू वसतिगृहात गेलीस तेव्हापासून आपलं असंच चालत आलंय, आता कशाला मोडायचं.

खारीची तब्येत बरी नाही. पुढच्या महिन्यात सात पूर्ण होतील आणि वजन पाचव्या वर्षी होतं तेवढंच. महिनाभर पोट दुखतंय म्हणते. चेहरा कागदासारखा झालाय. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, मागच्या सहामाहीत जी अक्षरं धडाधड वाचायची, त्यांच्यापुढे आता नुसती बघत बसते. मी म्हटलं, बापावर गेलीय. बाई हसल्या नाहीत.

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं दिलं. परवा विचारलं, "तुमचा धंदा काय?" सांगितलं, पाडलेल्या घरांचे जुने दरवाजे-खिडक्या आणतो, रंग खरवडतो, घासून नवे करून विकतो. "कुठे घासता?" म्हटलं, घराच्याच मागच्या खोलीत. "मुलगी तिथे जाते?" म्हटलं, "जाते कसली, तिथेच वाढलीय. भुशात खेळते. हाताला लागेल ते गालात कोंबते म्हणून तर खार म्हणतो तिला." ते म्हणाले, जुन्या रंगात शिसं असू शकतं, रक्त मोठ्या शहरात पाठवून बघू.

तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "ते काम चार वर्षांपूर्वीच झालंय. माझी बहीण पदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेत असते, इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकावर बसते. तिला खपल्या पाठवल्या होत्या. त्यात कॅल्शियम आणि गंधक निघालं, म्हणजे जिप्सम, म्हणजे खडूचीच जात. शिसं नाही." तुझं ते पत्र काचेत घालून दुकानात लावलंय, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या मोठ्या यंत्राने बघितलंय तर पोरीला कशाला टोचायचं." खारीनेही सुटकेचा श्वास सोडला. सुईला फार भिते.

तुझी वहिनी मात्र ऐकत नाही. म्हणते, चार वर्षांत शेकडो दरवाजे आले नि गेले, सगळ्यांना एकच रंग होता का? तिचं डोकं वकिलाचं आहे, चुकून सुताराच्या घरात पडलं. तर तिच्या समाधानासाठी तू दोन ओळी लिही.

तुझा,
दादा

१३ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र काल मिळालं. खारीचं वाचून काळजी वाटली. मुलं या वयात उंच होताना बारीक होतात, पण महिनाभर पोटदुखी म्हणजे जरा जास्तच.

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. प्रत्येक दरवाजाचा रंग वेगळा असणार. तेव्हाची फाईल शोधावी लागेल, मधे आमचे संगणक बदलले. त्यापेक्षा असं कर. तीन-चार वेगवेगळ्या जुन्या दरवाजांच्या खपल्या काढ, अगदी लाकडापर्यंतच्या, सगळे थर धरून. प्रत्येकीची वेगळी पुडी बांध आणि पाठव. धुऊ-पुसू नकोस. मी नव्याने बघते.

तोवर खारीला मागच्या खोलीत जाऊ देऊ नका. धूळ कुठलीही असली तरी वाईटच. रक्ताचं म्हणशील, तर डॉक्टरांना वाटत असेल तर करून घ्यायला हरकत नाही. आत्ता तरी धावपळ करावी असं काही दिसत नाही. आधी खपल्या बघू.

इकडे नवीन काही नाही. यंत्राचा निर्वात पंप मधूनच रुसतो, मग आम्ही दोघं-तिघं त्याच्याभोवती आजाऱ्याच्या नातेवाइकांसारखे उभे राहतो.

तुझी,
धाकटी

२७ जानेवारी

प्रिय धाकटे,

उशीर झाला, रागावू नकोस. एका बालवाडीच्या बारा खिडक्यांचं काम आलं होतं. मुख्याध्यापिका बाई फार चौकस. लहान मुलं हात लावणार, रंगाबिंगाचं काय, म्हणून विचारत होत्या. त्यांना काचेतलं तुझं पत्र दाखवलं, म्हटलं, इलेक्ट्रॉनने तपासलंय. लगेच हो म्हणाल्या. तुझ्या शिक्षणाचा मला असा उपयोग होतो.

सोबत चार पुड्या आहेत. मागे आकडे टाकलेत.

खारीचं खास नाही. सकाळी उठली की उलटी होते. गेल्या आठवड्यात दोनदा जिन्यावर पडली. स्वभावही चिडका झालाय. काल मी उचलायला गेलो तर माझ्यावर हात उगारला, आणि मग आपलाच हात असा बघत राहिली की जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

घरात त्यावरून वाजलं. वहिनी म्हणाली, उद्या रक्त काढून आणू. मी म्हटलं, "धाकटीने लिहिलंय, धावपळ नको, आधी खपल्या बघू. तुला तिच्यापेक्षा जास्त कळतं का?" ती म्हणाली, "मला यंत्र कळत नाही. पोरगी कळते." मी म्हटलं, चार दिवस थांब, पुड्या पोचू देत. ती दोन दिवस बोलत नाहीये. जेवायचं ताट आपटून ठेवते, त्यावरून काय ते समजून घ्यायचं.

लवकर बघून कळव, म्हणजे घरात शांतता होईल.

दादा

४ फेब्रुवारी

दादा,

३१ तारखेला पुड्या आल्या आणि दुपारी मी फोन केला, तेव्हा मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा" हे मात्र आठवतं. संध्याकाळी वहिनींच्या भावाचा फोन आला, की रिक्षातच तिला झटका आला आणि आता ती अतिदक्षता विभागात आहे. मी निघते म्हटलं. तो म्हणाला, "आत्ता नको. ताईची मनःस्थिती नाही तुम्हाला बघायची." म्हणून आले नाही.

काय झालं ते तुला समजेल असं लिहायचा प्रयत्न करते. फोनवर जमलं नाही.

आमच्या यंत्रात नमुन्यावर इलेक्ट्रॉनचा झोत पडतो. त्याने नमुन्यातल्या प्रत्येक मूलद्रव्यातून क्ष-किरण निघतात आणि प्रत्येकाची ऊर्जा ठरलेली असते. पडद्यावर आलेख उमटतो, त्यात शिखरं दिसतात, कुठलं शिखर कुणाचं हे संगणक नाव घालून सांगतो. शिशाचं एक शिखर नेमकं गंधकाच्या शेजारी येतं, इतकं चिकटून की दोन्ही एकच दिसतात. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मीही नव्या मुलांना शिकवते. खरं-खोटं करायचं तर झोताचा विद्युतदाब वाढवायचा, मग शिशाची दुसरी शिखरं बरीच पुढे उमटतात. गंधकाला तिकडे काही नसतं.

चार वर्षांपूर्वी मी दहा किलोव्होल्टवर बघितलं. माझ्या आधी कुणीतरी कापडाचे धागे बघत होतं, धागे जळू नयेत म्हणून दाब कमी ठेवला होता. मी तो बदलला नाही. जेवणाच्या सुट्टीतलं घरचं काम, दहा मिनिटांचं. संगणकाने कॅल्शियम आणि गंधक लिहिलं. मी मनात म्हटलं, जिप्सम, भिंतीचा गिलावा लागला असेल. मला तेच अपेक्षित होतं. जड मूलद्रव्य चित्रात जास्त उजळ दिसतं. त्या चित्रात कण अगदी झगझगीत होते, जिप्सम तसं दिसत नाही. मी ते बघितलं होतं. तुला लिहिलंही होतं, की चित्र छान आलंय.

यावेळी पंचवीस किलोव्होल्टवर चारही पुड्या बघितल्या. तिसरी सोडून सगळ्यांत शिसं आहे. दुसरीत तर एक थर जवळजवळ शिशाच्याच पांढऱ्या रंगाचा आहे.

मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या नमुन्याला क्रमांक दिला होता का?" नव्हता. "मग नोंद नाही. नोंद नाही म्हणजे प्रयोगशाळेची चूक नाही. तुम्ही शांत व्हा, पाणी घ्या." मी पाणी घेतलं.

आता नव्या खपल्या बघितल्या तेव्हा हे कळलं. सोबत सही करून नवं पत्र पाठवते आहे, त्यात शिसं असल्याचं स्पष्ट लिहिलंय. बालवाडीत ते ताबडतोब द्यायला हवं. माफी मागत नाही, ती कुठल्या तोंडाने मागू.

धाकटी

२२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तीन आठवडे कागदाला हात लावला नव्हता. आज दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय.

शिसं बाहेर काढायची इंजेक्शनं दिली. एकूण किती टोचलं असेल, मोजायचं सोडलं. आता सुईला भीत नाही, हात पुढे करून देते, तेच बघवत नाही. झटके थांबलेत. आम्हाला ओळखते. उजवा पाय ओढते. बोलताना शब्द सापडत नाही, मग तोंड उघडं ठेवून वाट बघते. मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, पहिल्यासारखी कधी होईल. त्या म्हणाल्या, "जे गेलं ते सगळं परत येईल असं समजू नका. किती येईल ते वर्षभराने बोलू." सरळ बाई आहे. गोड बोलणाऱ्यांपेक्षा बरी.

डॉक्टरीणबाईनेच विचारलं होतं, एवढा उशीर कसा झाला. पहिल्या महिन्यात आली असती तर झटक्यापर्यंत गेलं नसतं, म्हणाली. मी आमचं सगळं सांगितलं.

तू स्वतःला खात बसू नकोस. वहिनीच्या माहेरचे बरंच बोलतात. मी त्यांना एकदाच सुनावलं, की चूक यंत्राने केली आणि ती पकडली माझ्या बहिणीने. पुड्या मिळाल्या त्याच दिवशी तिने फोन केला नसता तर पोरगी आज नसती. मी खोटं बोललो का? मला तर तसंच दिसतं.

बालवाडीच्या बाराही खिडक्या मी स्वतः उतरवल्या. मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या राहून एकेक मोजत होत्या. आता वहीत बघून एकेका गिऱ्हाइकाकडे जातोय. काही घरं सापडत नाहीत. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "आमच्याकडे लहान मूल नाही, राहू द्या, दार छान आहे." मागच्या खोलीला कुलूप घातलं. दुसरं काय काम करायचं ते अजून ठरवलं नाही.

खारीला सोडलं की वहिनी तिला माहेरी नेणार. आपल्या घरात धूळ आहे, तिथे नेलं तर इंजेक्शनं वाया जातील असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

खरं सांगू? सकाळी उठावंसं वाटत नाही. मग मनात येतं, निदान एक माणूस आपल्यात शहाणं आहे. तुझं पत्र आलं तर बरं वाटेल.

दादा

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू माझ्यासाठी भांडलास ते वाचल्यावर मला गप्प राहता येत नाही.

मी तुला जानेवारीत लिहिलं, की जुनी फाईल शोधावी लागेल, संगणक बदलले. ते खोटं होतं. १२ जानेवारीला तुझं पत्र वाचलं आणि पाच मिनिटांत ती फाईल उघडली. दहा किलोव्होल्ट, ते एकटं शिखर, ते झगझगीत कण, सगळं पडद्यावर होतं. एखाद्या विद्यार्थ्याने दाखवलं असतं तर मी त्याला तिथेच झापलं असतं. मला त्या दिवशीच कळलं होतं.

मग मी काय केलं ते बघ. मनाशी म्हटलं, कळलेलं नाही, नुसता संशय आहे. पुराव्याशिवाय तुला घाबरवायचं नाही. नव्या खपल्या मागवू, नीट तपासू, मग बोलू. हे सगळं इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की मला त्याची लाजही वाटली नाही. फोन टेबलावरच होता. "रक्त आज तपास" एवढं म्हणायला पुरावा लागत नाही. शिसं नसतं तर एक सुई फुकट गेली असती, बस.

तसं म्हटलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, "का गं, तुझं काही चुकलं होतं का?" त्या प्रश्नाला मी घाबरले. नव्या खपल्यांत शिसं निघालं असतं तर मी ते शोधून काढलं असं झालं असतं. जुनं चुकलं हे मग सावकाश, पोरगी बरी झाल्यावर, हसत-हसत सांगता आलं असतं. असं सगळं मी एका ओळीत ठरवलं नव्हतं. पण ठरवलं असतं तरी पत्र तसंच लिहिलं असतं, शब्दाला शब्द.

१२ ते ३१. एकोणीस दिवस. जिना, उलट्या, हात उगारणं, झटका, सगळं त्यात आहे. वहिनी रक्त काढायला निघाल्या होत्या, त्यांना माझ्या वाक्याने अडवलं. चार तारखेच्या पत्रातही मी लिहिलं, की नव्या खपल्या बघितल्यावर कळलं. तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती आणि मी अजून स्वतःला वाचवत होते.

यंत्राने काही चूक केली नाही. पहिल्यांदाही नाही. त्याला जेवढं दाखवायला सांगितलं तेवढं त्याने दाखवलं.

आता तुला जे वाटेल ते वाटू दे.

धाकटी

९ मार्च

ताई,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. तुमचं २७ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी घर पुसायला तिकडे गेले होते, हे गिऱ्हाइकांच्या घरी होते. पाकीट मी फोडलं. यांचं पत्र आजवर कधी फोडलं नव्हतं. यावेळी का फोडलं ते सांगता येणार नाही.

दोनदा वाचलं. मग चुलीत घातलं. यांना पत्र आलं हेही माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

तुमच्यावर दया म्हणून नाही. मला वाटतं ते लिहिलं तर कागद पुरणार नाही, आणि मला खारीला भरवायचं असतं, तिला एका घासाला पाच मिनिटं लागतात. पण हा माणूस सकाळी उठतो ते "माझ्या बहिणीने वाचवलं" एवढ्यावर. ते काढून घेतलं तर मागे काय राहील ते मला बघायचं नाही. मला दोन-दोन आजारी सांभाळणं जमणार नाही. तुम्हाला मन हलकं करायचं होतं. ते माझ्याजवळ झालं असं समजा. त्यांच्याजवळ करायचं नाही. यापुढे भेटाल तेव्हा ते तुमचं कौतुक करतील. ते तुम्ही ऐकून घ्यायचं.

कामाचं असं. सोबत चार पुड्या आहेत. पहिली मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरची, दुसरी स्वयंपाकाच्या फळीवरची, तिसरी आम्ही झोपतो त्या खोलीतली. घर चारदा पुसल्यावर काढल्यात. चौथी इथली, माझ्या आईकडची, खारीच्या अंथरुणाजवळची. इथे काही नसणार, पण घेतलीच आहे तर बघा.

उत्तर माझ्या नावाने पाठवा. कदाचित, बहुधा, बघू, असं काही लिहू नका. आहे किंवा नाही ते लिहा.

खारीची आई

१६ मार्च

वहिनी,

काल निकाल हातात आल्याबरोबर फोनवर सांगितलंच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि फोन ठेवलात. तुम्ही लेखी मागितलं होतं म्हणून लिहिते.

चारही नमुन्यांना यावेळी रीतसर क्रमांक दिले. पंचवीस किलोव्होल्टवर प्रत्येकाच्या वीस जागा बघितल्या. अगदी थोडं शिसं असेल तर आमच्या यंत्राला दिसत नाही, म्हणून उरलेला भाग रसायन विभागातल्या बाईंकडून दुसऱ्या पद्धतीने तपासून घेतला. कुठली पुडी कुठली ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचा आणि माझा निकाल जुळतो.

पहिली, उंबरा: शिसं आहे, खूप. दुसरी, फळी: आहे. तिसरी, झोपायची खोली: आहे. चारदा पुसूनही आहे. फरशीच्या सांध्यांत बसलंय.

चौथी, तुमच्या आईंकडची: आहे. तिसरीपेक्षा जास्त आहे. कुठून येतं ते इथून मला सांगता येणार नाही. दादाने तिथे कधी काही बसवलंय का, दार, कपाट, खिडकी, ते बघा. पण शोधायला थांबू नका. सापडो न सापडो, तिला त्या खोलीत आणखी एक रात्र ठेवू नका.

पुढचं तुम्ही विचारलेलं नसताना लिहिते आहे. माझं घर नव्या इमारतीत आहे, जुनं लाकूड एकही नाही. तरी या आठवड्यात मी सगळ्या खोल्यांची, पलंगाखालची, चौकटींची धूळ काढली आणि त्याच दोन पद्धतींनी तपासली. रसायनवाल्या बाईंनाही कुणाची ते माहीत नव्हतं. शिसं नाही. मोठा दवाखाना तिथून दहा मिनिटांवर आहे. आतली खोली रिकामी केली आहे, कडी आतून लागते.

दादाबद्दल तुम्ही जे ठरवलंत ते मी पाळीन.

तुम्हाला माझं तोंड बघायचं नसणार. मी आज कपडे घेऊन मैत्रिणीकडे राहायला जाते आहे, तुम्ही सांगाल तोवर तिथेच असेन. किल्ली समोरच्या घरी दिली आहे. त्यांना फक्त एवढंच सांगितलंय, की एक आई तिच्या मुलीला घेऊन येईल.